अंतर्गत लेखापरीक्षण : तिजोरी उघडून पाहण्याचा पेशा

फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या तपासणी पथकाने मुंबईतील न्यू इंडिया सहकारी बँकेच्या प्रभादेवी आणि गोरेगाव येथील तिजोऱ्यांतील रोकड मोजली, तेव्हा वहीतील शिल्लक आणि प्रत्यक्षातील नोटा यांत तब्बल १२२ कोटी रुपयांची तफावत निघाली. १३ फेब्रुवारीला बँकेवर निर्बंध आले, ठेवी काढण्यास बंदी झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून शाखांच्या दारात पासबुके घेऊन माणसे उभी राहिली. प्रभादेवीच्या ज्या तिजोरीत वहीप्रमाणे शंभर कोटींहून अधिक रोकड असायला हवी होती, तिची क्षमताच दहा कोटींच्या आसपास असल्याचे पुढे पोलीस तपासात सांगण्यात आले. प्रकरण न्यायप्रविष्ट असल्याने दोषी कोण, हे न्यायालय ठरवील. ऑगस्ट २०२५ मध्ये ही बँक सारस्वत बँकेत विलीन झाली. पण या घटनेने एक अत्यंत साधा प्रश्न मागे ठेवला आहे. या बँकेचे लेखापरीक्षण होत नव्हते असे नाही. मग इतक्या लेखापरीक्षकांपैकी कोणी तिजोरीसमोर उभे राहून, 'एवढ्या नोटा या कपाटात मावतील तरी का,' असे स्वतःला विचारले होते काय?

अंतर्गत लेखापरीक्षणात करिअर करू इच्छिणाऱ्या तरुणांनी अभ्यासाची सुरुवात या प्रश्नापासून करावी. वाणिज्य शाखेच्या बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या मनात 'ऑडिट' म्हटले की हिरव्या शाईच्या खुणा, पावत्यांचे गठ्ठे आणि मार्चअखेरची धावपळ एवढेच चित्र उभे राहते. या पेशाचे ते एक अंग झाले. त्याचा गाभा वेगळा आहे. कागदावर लिहिलेले आणि जागेवर असलेले यांची गाठ घालून देणे आणि ती जुळत नसेल तर तसे स्पष्ट सांगणे, हे अंतर्गत लेखापरीक्षकाचे काम होय. ज्या संस्थेकडून पगार घ्यायचा, तिच्याच चुका तिला लिहून द्यायच्या, हा या नोकरीतील मूळ पेच आहे. तो ज्याला पेलता आला, त्याचेच करिअर यशस्वी झाले असे म्हणता येईल.

दोन लेखापरीक्षणांतील फरक

वैधानिक लेखापरीक्षक हा बाहेरचा असतो. भागधारक त्याची नेमणूक करतात आणि वर्षाचे ताळेबंद, नफातोटा पत्रक सत्य व वाजवी चित्र दाखवितात की नाही, यावर तो आपले मत देतो. अंतर्गत लेखापरीक्षकाची नजर हिशेबाच्या मागे असलेल्या कारभारावर असते. खरेदीचे दर कोण ठरवितो, कर्ज कोण मंजूर करतो, गोदामाच्या चाव्या कोणाकडे असतात, संगणकावरील नोंद बदलण्याचा अधिकार कोणाला आहे, एखादी चूक झाली तर ती किती दिवसांत उघडकीस येईल, हे त्याचे विषय. तो कंपनीचा कर्मचारी असू शकतो किंवा बाहेरची फर्मही हे काम करू शकते.

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३८ ने या कामाला कायद्याचे बळ दिले. शेअर बाजारात नोंदणी असलेल्या प्रत्येक कंपनीला अंतर्गत लेखापरीक्षक नेमणे बंधनकारक आहे. नोंदणी नसलेल्या सार्वजनिक कंपन्यांना वसूल भांडवल ५० कोटी किंवा उलाढाल २०० कोटी रुपये झाली की हा नियम लागू होतो. कर्ज आणि ठेवी यांच्याही मर्यादा आहेत. खासगी कंपन्यांच्या बाबतीत २०० कोटींची उलाढाल किंवा १०० कोटींपेक्षा अधिक कर्ज हा निकष आहे. सनदी लेखापाल, परिव्यय लेखापाल अथवा संचालक मंडळ ठरवील असा अन्य व्यावसायिक या पदावर येऊ शकतो. या शेवटच्या तरतुदीकडे विद्यार्थ्यांचे सहसा लक्ष जात नाही. तिच्यामुळे अभियंते, संगणकतज्ज्ञ यांनाही या क्षेत्राचे दार उघडले आहे. संचालक मंडळाने तसे ठरविले, तर सी.ए. नसलेली व्यक्तीही या पदावर बसू शकते.

बँकांमध्ये हे काम आणखी जुने आहे. बँकांतील गैरव्यवहारांचा अभ्यास करणाऱ्या घोष समितीच्या शिफारशींनंतर नव्वदच्या दशकात समवर्ती लेखापरीक्षण, म्हणजे व्यवहार होत असतानाच त्याची तपासणी, ही पद्धत रुजली. २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने ५०० कोटी रुपये वा अधिक मालमत्तेच्या नागरी सहकारी बँका आणि ५ हजार कोटी वा अधिक मालमत्तेच्या बिगर बँकिंग वित्तीय कंपन्या यांनाही जोखीमआधारित अंतर्गत लेखापरीक्षण सक्तीचे केले. महाराष्ट्रात नागरी सहकारी बँकांचे जाळे मोठे आहे, हे लक्षात घेता येथील तरुणांसाठी या निर्णयाचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

आधी कारखाना, मग कागद

या पेशातील पहिला धडा पुस्तकात आढळतो, पण कळतो तो जागेवरच. ज्या धंद्याची तपासणी करायची, तो धंदा आधी समजून घ्यावा लागतो.

समजा, चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग बनविणारा एक कारखाना आहे. नवखा लेखापरीक्षक भंगार विक्रीची फाईल उघडतो. प्रत्येक गाडीमागे गेटपास आहे, वजनकाट्याची पावती आहे, बँकेत पैसे जमा झाल्याची नोंद आहे, अधिकाऱ्याची सही आहे. सगळे नीट आहे म्हणून तो फाईल मिटतो. अनुभवी लेखापरीक्षक या फाईलला हात लावण्यापूर्वी उत्पादन विभागात जातो. किती टन पोलाद आले, त्यातून किती टन वजनाचे सुटे भाग तयार झाले, किती कच्चा माल आणि अर्धवट माल शिल्लक आहे, हे तो विचारतो. पोलाद हवेत विरत नाही. आलेल्या वजनातून तयार मालाचे आणि शिलकीचे वजन वजा केले की भंगार किती निघायला हवे, याचा अंदाज येतो. तो आकडा आणि विकलेल्या भंगाराचे वजन यांत मोठे अंतर असेल, तर फाईलमधील एकही पावती खोटी नसताना चोरी होत असू शकते. मग तो काट्यावर जाऊन उभा राहतो. रिकामी गाडी खरोखरच वजन करून आत येते, की मागच्या वेळचे रिकामे वजन पुन्हा लिहिले जाते? चालक आणि क्लीनर गाडीत बसलेले असताना रिकामे वजन घेतले आणि भरलेल्या गाडीच्या वेळी ते खाली उतरले, तर प्रत्येक फेरीला त्या दोघांच्या वजनाइतके भंगार फुकट बाहेर जाते. ही युक्ती फार जुनी आहे आणि पावतीवर ती दिसत नाही.

हीच गोष्ट कंत्राटी कामगारांच्या हजेरीपटाची. पटावर १८० नावे असतील आणि दुपारच्या जेवणाला उपाहारगृहात १४० ताटे लागत असतील, तर उरलेली चाळीस माणसे जेवतात कुठे, हे विचारणे लेखापरीक्षकाच्या कामात बसते. भविष्यनिर्वाह निधीचे आकडे, प्रवेशद्वारावरची नोंद, गणवेशाचे वाटप, बसच्या फेऱ्या अशा एकमेकांशी संबंध नसलेल्या चार ठिकाणांहून एकाच गोष्टीचा पुरावा जमविणे ही या पेशाची खरी विद्या आहे. चोर एक वही सांभाळतो. चार खात्यांच्या चार वह्या एकाच वेळी सांभाळणे त्याला जड जाते.

प्रस्तुत प्रतिनिधीच्या मते, या क्षेत्रात येणाऱ्यांनी पहिली दोन वर्षे मोठ्या नावाच्या फर्मच्या वातानुकूलित कार्यालयापेक्षा गोदामे, शाखा आणि कारखाने यांत घालवावीत. प्रवास, धूळ, रात्रीची साठामोजणी यांचा कंटाळा येतो हे खरे. पण पुढे संचालकांसमोर बसून बोलताना जी ठाम भाषा लागते, ती तिथेच कमावली जाते.

शेरा कसा लिहावा

दहापैकी नऊ लेखापरीक्षकांची कारकीर्द तपासणीत नव्हे, तर लेखनात अडते. 'भंगार विक्रीवरील नियंत्रण अपुरे असून त्यात सुधारणा आवश्यक आहे,' असा शेरा लिहिणे म्हणजे काहीही न लिहिण्यासारखेच आहे. तो वाचून व्यवस्थापक 'नोंद घेतली' असे उत्तर देतो आणि फाईल कपाटात जाते.

त्याऐवजी असे लिहिले तर? 'एप्रिल ते जून या काळात भंगाराच्या ४२ गाड्या बाहेर गेल्या. त्यांपैकी ११ गाड्यांचे रिकामे वजन त्या दिवशी घेतलेले नाही. आधीच्या फेरीचे वजन लिहिले आहे. कंपनीच्या नियमाप्रमाणे प्रत्येक फेरीला रिकामे वजन घेणे आवश्यक आहे. काट्यावर रात्रपाळीला एकच कर्मचारी असल्याने हे घडते. काट्याची नोंद हाताने न करता संगणकाने आपोआप घ्यावी आणि रात्री भंगाराची गाडी सोडू नये. जबाबदारी भांडार व्यवस्थापकाची, मुदत ३० सप्टेंबर.' उदाहरण काल्पनिक आहे, पण त्याची बांधणी पाहण्याजोगी आहे. काय असायला हवे होते, काय आढळले, का घडले, त्याने काय बिघडते आणि आता कोणी, केव्हापर्यंत काय करायचे, हे पाच मुद्दे या व्यवसायाच्या शिक्षणात पहिल्यापासून शिकविले जातात. वरील शेऱ्यात चार मुद्दे आहेत. कंपनीचे त्यातून किती रुपयांचे नुकसान झाले असावे, हा पाचवा राहून गेला आहे. आणि संचालक नेमका तोच आकडा आधी शोधतात.

शब्दांची निवडही जपून करावी लागते. 'अफरातफर', 'संगनमत' हे शब्द पुरावा हातात असल्याखेरीज अहवालात येता कामा नयेत. ज्याच्याविषयी लिहायचे, त्याला मसुदा दाखवून त्याचे म्हणणे ऐकणे हा शिष्टाचार तर आहेच, शिवाय त्यात लेखापरीक्षकाचेही हित आहे. अनेकदा आपल्याला गैरप्रकार वाटलेली गोष्ट दुसऱ्या एका परवानगीपत्राने सुटते. ते पत्र संचालकांच्या बैठकीत पुढे येण्यापेक्षा आपल्या टेबलावर आधी आलेले बरे.

जुन्या शेऱ्याचे पुढे काय झाले?

गृहनिर्माण संस्थेत राहणाऱ्या वाचकांना 'दोष दुरुस्ती अहवाल' हा शब्द परिचित असेल. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ८२ प्रमाणे लेखापरीक्षकाने दाखविलेले दोष कसे दूर केले, हे संस्थेने 'ओ' नमुन्यात कळवायचे असते. किती संस्थांमध्ये हा नमुना वेळेवर आणि मनापासून भरला जातो, याचे उत्तर ज्याने त्याने आपापल्या सोसायटीच्या वार्षिक सभेत शोधावे. पण कल्पना उत्तम आहे. दोष दाखविणे हे अर्धे काम असून तो दूर झाला की नाही हे पाहणे हे उरलेले अर्धे, हे तिच्यात गृहीत धरलेले आहे.

हे उरलेले अर्धे काम राहून गेले की काय होते, याचे जगातले सर्वांत ठळक उदाहरण बेअरिंग्ज बँकेचे आहे. १७६२ साली लंडनमध्ये स्थापन झालेली ही बँक फेब्रुवारी १९९५ मध्ये कोसळली. सिंगापूर कार्यालयातील निक लीसन या तरुणाने वायदेबाजारात केलेल्या सौद्यांमधून ८२ कोटी ७० लाख पौंडांचा तोटा झाला होता आणि तो ८८८८८ या क्रमांकाच्या खात्यात दडविलेला होता. ही कथा चित्रपटामुळे सर्वांना माहीत झाली. तिच्यातील एक बारकावा मात्र लेखापरीक्षणाच्या वर्गाबाहेर फारसा सांगितला जात नाही. १९९४ च्या उन्हाळ्यात, म्हणजे बँक बुडण्याच्या जेमतेम सहा महिने आधी, बँकेचेच अंतर्गत लेखापरीक्षक सिंगापूरला जाऊन आले होते. सौदे करणारा आणि त्या सौद्यांची नोंद व पडताळणी करणाऱ्या विभागाचा प्रमुख एकच आहे, एका माणसाच्या हाती फार सत्ता एकवटली आहे, ही दोन कामे वेगळी करावीत, असे त्यांनी अहवालात लिहिले होते. गुप्त खाते त्यांना सापडले नव्हते. ते खाते जगवणारा दोष मात्र अचूक सापडला होता. पण लीसन कागदोपत्री मोठा नफा मिळवून देत होता. शिफारस अमलात आली नाही. पुढे आयएनजी या डच समूहाने ही बँक एका पौंडाला विकत घेतली.

अहवाल बरोबर होता, तरी बँक बुडाली. म्हणून प्रत्येक शेऱ्याची मुदत, ती पाळली गेली की नाही आणि नसेल तर कितव्यांदा टळली, याची यादी ठेवणे हे कारकुनी काम समजू नये. 'मागील अहवालातही नमूद केल्याप्रमाणे' हे शब्द ज्या अहवालात तिसऱ्यांदा येतात, तो शेरा खालच्या अधिकाऱ्याकडून काढून घेऊन थेट लेखापरीक्षण समितीसमोर ठेवण्याची वेळ आलेली असते.

वहीबाहेरची वही

बँकांतील उमेदवारांनी पंजाब नॅशनल बँकेचे प्रकरण मुळातून वाचावे. मुंबईत फोर्टमधील ब्रॅडी हाऊस शाखेतून दिल्या गेलेल्या हमीपत्रांचा घोटाळा १४ फेब्रुवारी २०१८ रोजी बँकेने जाहीर केला, तेव्हा आकडा ११ हजार ४०० कोटी रुपयांच्या आसपास होता. पुढे तो १३ हजार कोटींच्या वर गेला. हमीपत्रांचे संदेश 'स्विफ्ट' यंत्रणेतून परदेशी शाखांना जात होते, पण ही यंत्रणा बँकेच्या मुख्य संगणक प्रणालीला जोडलेली नव्हती आणि त्या प्रणालीत नोंदी होत नव्हत्या. मुख्य प्रणालीतील नोंदी कितीही बारकाईने तपासल्या, तरी तिच्यात नसलेली गोष्ट दिसणार कशी? स्विफ्टच्या वापराविषयी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०१६ पासून बँकांना सावध केले होते.

आजच्या लेखापरीक्षकाला नमुन्यादाखल पन्नास पावत्या तपासण्याची गरज उरलेली नाही. योग्य साधने असतील तर वर्षाचे सगळे व्यवहार काही मिनिटांत चाळता येतात. एकाच बँक खात्यावर पैसे घेणारे दोन पुरवठादार, मंजुरीच्या मर्यादेच्या जरा खाली तोडलेली बिले, सुटीच्या दिवशी मध्यरात्री झालेल्या नोंदी हे सारे संगणक शोधून देतो. पण 'या प्रणालीच्या बाहेर काय चालते,' हा प्रश्न माणसालाच विचारावा लागतो. याच प्रकरणातील एक अधिकारी २०१० पासून २०१७ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्याच जागी होता, असे तपासात पुढे आले. बदल्यांची नोंदवही आणि रजेचा अर्ज ही लेखापरीक्षकाची फार उपयोगाची कागदपत्रे आहेत. वर्षानुवर्षे एक दिवसही रजा न घेणाऱ्या कर्मचाऱ्याचे कौतुक करावे, पण त्याचे टेबल एकदा दुसऱ्याकडे सोपवूनही पाहावे.

सांगायचे कोणाला?

आतापर्यंतचे धडे कष्टाने शिकता येतात. शेवटचा शिकविता येत नाही, आणि कारकीर्दीत एखाद्याच वेळी त्याची परीक्षा होते.

अमेरिकेतील वर्ल्डकॉम ही दूरसंचार कंपनी मिसिसिपी राज्यातील क्लिंटन या लहान गावातून चालत असे. सिंथिया कूपर तिच्या अंतर्गत लेखापरीक्षण विभागाच्या प्रमुख होत्या. त्यांचा विभाग मुख्यतः कामकाजाची आणि खर्चाची तपासणी करी. आर्थिक हिशेब आर्थर अँडरसन ही बाहेरची फर्म पाहत असे. शिवाय कूपर यांचे वरिष्ठ होते कंपनीचे मुख्य वित्त अधिकारी स्कॉट सलिव्हन. मार्च २००२ मध्ये वायरलेस विभागाच्या प्रमुखाने त्यांच्याकडे तक्रार केली, की बुडीत येण्यासाठी राखून ठेवलेली ४० कोटी डॉलरची तरतूद नफा वाढविण्याकडे वळविली जात आहे. कूपर यांनी हा विषय संचालकांच्या लेखापरीक्षण समितीपुढे नेला. सलिव्हन यांना माघार घ्यावी लागली. आणि ते संतापले.

इथे थांबणे सोपे होते. कूपर यांनी त्याऐवजी भांडवली खर्चाची तपासणी ठरल्या वेळेच्या आधीच हाती घेतली. त्यांचे सहकारी जीन मोर्स रात्रपाळी करून संगणकावरील नोंदी उतरवून घेत. पुरावा नष्ट होऊ नये म्हणून त्यांनी सीडी तयार करण्याचे यंत्र स्वतःच्या पैशांनी आणले. हळूहळू उलगडा झाला. इतर कंपन्यांच्या तारा वापरण्यासाठी दिले जाणारे भाडे, म्हणजे दरमहाचा रोखठोक खर्च, मालमत्ता म्हणून दाखविला जात होता. घरभाडे भरायचे आणि घर विकत घेतल्याचे हिशेबात लिहायचे, असा हा प्रकार. जूनमध्ये सलिव्हन यांनी तपासणी तिसऱ्या तिमाहीनंतरपर्यंत लांबणीवर टाकण्यास सुचविले. कूपर यांनी नकार दिला आणि आपल्या वरिष्ठाला ओलांडून लेखापरीक्षण समितीचे अध्यक्ष मॅक्स बॉबिट यांना गाठले. २५ जून २००२ रोजी कंपनीने ३.८ अब्ज डॉलरची चूक जगासमोर मान्य केली. पुढे हा आकडा ११ अब्जांच्या घरात गेला. जुलैमध्ये कंपनीने दिवाळखोरी पत्करली. मुख्याधिकारी बर्नार्ड एबर्स यांना २००५ मध्ये २५ वर्षांची शिक्षा झाली.

'टाइम' साप्ताहिकाने २००२ च्या मानकऱ्यांत कूपर यांना स्थान दिले. पण त्यांच्या कृतीने त्यांच्याच गावातील हजारो सहकाऱ्यांच्या नोकऱ्या आणि बचती धोक्यात आल्या, असेही पुष्कळांना वाटले असणार. ती कंपनी कूपर यांनी बुडविली नव्हती, हे खरे. तरीही ज्या पार्किंगमध्ये रोज गाडी लावायची, तिथल्या माणसांच्या नजरा सोसाव्या लागतात, आणि त्यांची भरपाई कोणत्याही पगारपत्रकात नसते.

आता दुसरी बाजू. ७ जानेवारी २००९ रोजी हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर्सचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबुली दिली, की ताळेबंदातील ५ हजार ४० कोटी रुपयांची रोकड आणि बँकशिल्लक अस्तित्वातच नाही. सात हजारांहून अधिक बनावट बिले संगणक प्रणालीत अशा रीतीने ठेवली होती, की ती इतर विभागांना दिसू नयेत. एप्रिल २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने दोषी ठरविलेल्या दहा जणांत कंपनीचे अंतर्गत लेखापरीक्षण प्रमुखही होते. पुढे अपिलात शिक्षेला स्थगिती मिळाली. क्लिंटन आणि हैदराबाद येथील खुर्ची एकच होती.

कायदा या खुर्चीला कितपत आधार देतो? वैधानिक लेखापरीक्षकाला गैरव्यवहार दिसला तर तो सरकारला कळविण्याचे बंधन कंपनी कायद्याच्या कलम १४३ मध्ये आहे. अंतर्गत लेखापरीक्षकावर तसे बंधन नाही, त्यामुळे त्याला तो मार्गही मोकळा नाही. त्याची धाव संचालकांच्या लेखापरीक्षण समितीपर्यंत. सेबीच्या २०१५ च्या नियमांनुसार नोंदणीकृत कंपनीतील अंतर्गत लेखापरीक्षण प्रमुखाची नेमणूक, बडतर्फी आणि मानधन यांचा आढावा या समितीने घ्यायचा असतो, हे एक संरक्षण आहे. मात्र अंतर्गत लेखापरीक्षकाने आपला अहवाल थेट समितीला द्यावा, ही तरतूद त्याच नियमांत ऐच्छिक ठेवलेली आहे. ही सवलत आता काढून टाकायला हरकत नसावी.

पात्रता आणि वाट

सी.ए. किंवा परिव्यय लेखापालाची पदवी हा आजही सर्वांत भक्कम पाया आहे. त्याशिवाय, १९४१ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या अंतर्गत लेखापरीक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची 'सर्टिफाइड इंटर्नल ऑडिटर' अर्थात 'सीआयए' ही परीक्षा जगभर मान्य आहे. ती संगणकावर, तीन भागांत घेतली जाते आणि प्रमाणपत्रासाठी परीक्षेखेरीज अनुभवाची अट असते. या संस्थेची नवी जागतिक मानके ९ जानेवारी २०२५ पासून लागू झाली असून त्यांत १५ तत्त्वे आणि ५२ मानके आहेत. मुलाखतीला जाण्यापूर्वी ती वाचलेली असावीत. संगणक प्रणालींच्या तपासणीकडे कल असेल तर 'सिसा' हे प्रमाणपत्र घ्यावे. गैरव्यवहारांच्या तपासाची आवड असणाऱ्यांसाठी 'सीएफई' आहे. प्रमाणपत्रांची माळ घालण्यापेक्षा एक घेऊन दोन वर्षे काम करावे आणि मग पुढचे ठरवावे, हे बरे.

स्वभावाचाही विचार करावा. खात्यात लेखापरीक्षक आला की चहा लवकर येतो आणि कागद उशिरा. दोन्ही शांतपणे घ्यावे लागतात. पुरवठादाराच्या दिवाळीच्या भेटी मात्र, मिठाईच्या पुड्यापासून, परत करण्याची सवय पहिल्या वर्षीच लावून घ्यावी. पाचव्या वर्षी ती लागत नाही. समोरचा कारकून आपला शत्रू नसतो. गैरप्रकाराची पहिली खबर बहुधा तोच देतो, आणि ज्याने त्याला चारचौघांत पाणउतारा न करता वागविले असेल, त्यालाच देतो.

नोकरीच्या मुलाखतीत उमेदवारानेही तीन गोष्टी विचाराव्यात. लेखापरीक्षण प्रमुखाचा वार्षिक कामगिरी अहवाल कोण लिहितो, संचालक समिती की वित्त अधिकारी? गेल्या वर्षभरात समितीच्या अध्यक्षांनी व्यवस्थापनातील कोणी हजर नसताना या प्रमुखाची किती वेळा भेट घेतली? आणि एक वर्षाहून जुने किती शेरे अद्याप पूर्ततेविना पडून आहेत? पगाराचा विषय त्यानंतर काढावा.